मुंबई हायची चुनखडी: भोके पुष्कळ, वाटा थोड्या

माकरपुरा_निवृत्त

गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या तेलक्षेत्रावर मागील महिन्यात इथे जो धागा चालला, त्यात एका सदस्यांनी असे लिहिले होते की अंकलेश्वरचा वालुकाश्म आणि मुंबई हायची चुनखडी या दोहोंची सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या पोकळीचा हिस्सा, वीस टक्क्यांच्या आसपास असेल, तर तेल देण्याच्या दृष्टीने दोन्ही खडक सारख्याच प्रतीचे मानायला हरकत नाही. त्या वेळी मी उत्तर देण्याचे टाळले, कारण दोन ओळींत दिलेले उत्तर उद्धट वाटले असते आणि सविस्तर लिहिण्याइतकी सवड नव्हती. नोकरीची बहुतेक वर्षे मी कोअर प्रयोगशाळेत काढली; विहीर खोदताना खालून अखंड कापून आणलेल्या खडकाच्या दंडगोलाला कोअर म्हणतात. सुरुवातीला नमुने कापणे, धुणे, वाळवणे आणि पुढे त्यांची मापे घेणे हे माझे काम होते. जे लिहितो आहे ते दगड हातात धरलेल्या माणसाच्या बाजूने लिहितो आहे. नकाशे काढणाऱ्यांना आणि विहिरी खोदणाऱ्यांना जिथे चूक दिसेल तिथे त्यांनी अवश्य दुरुस्ती करावी.

क्षेत्राची ओळख थोडक्यात करून देतो. मुंबई हाय हे मुंबईपासून वायव्येकडे सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर खोल पाण्याखाली आहे. 'सागर सम्राट' या जॅक-अप रिगने तिथली पहिली विहीर जानेवारी १९७४ च्या अखेरीस खोदायला घेतली, फेब्रुवारीत तेल लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेल तिथे एकाच खडकात नाही. तळाच्या भेगाळलेल्या पुरातन खडकातही ते सापडते आणि वरच्या एल-टू चुनखडीतही सापडते. पण मूळ साठ्याचा फार मोठा हिस्सा ज्यात आहे, तो एल-थ्री या नावाने ओळखला जाणारा चुनखडीचा थर होय. मायोसीन कालखंडाच्या सुरुवातीला, म्हणजे ढोबळमानाने दोन कोटी वर्षांपूर्वी, तो उथळ समुद्रात साचला आणि आज तो सुमारे तेराशे ते चौदाशे मीटर खोलीवर गाडला गेलेला आहे.

आता मूळ मुद्दा. वालुकाश्माचे गणित तुलनेने सरळ असते. नदीने दुरून वाहून आणलेले क्वार्ट्झचे कण एकमेकांवर बसतात, त्यांच्या मधल्या फटी म्हणजे त्या खडकाची सच्छिद्रता, आणि फटी कणांच्या मधे असल्यामुळे त्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या असतात. चिकणमाती किती आहे आणि कण किती बारीक आहेत हे कळले, की तेल किती सहज वाहील याचा बरासा अंदाज येतो. चुनखडी दुरून येत नाही. ती जिथे सापडते तिथेच जन्मलेली असते. फोरामिनिफेरांसारखे एकपेशी जीव, प्रवाळ, चुनखडी शैवाळ, शिंपले यांचे सांगाडे आणि त्यांचा भुगा यांपासून ती बनते, आणि तिचे रसायन इतके नरम असते की पावसाचे पाणी नुसते अंगावरून गेले तरी ती विरघळू लागते. म्हणून वाळूच्या बाबतीत जे भवितव्य साचण्याच्या वेळीच बहुतांशी ठरून जाते, ते चुनखडीच्या बाबतीत साचून झाल्यावर ठरते.

प्रयोगशाळेत हे रोज दिसायचे. कोअरमधून दीड इंच व्यासाचा जो लहान दंडगोल काढतात त्याला आम्ही प्लग म्हणतो. सॉक्सलेट या धुण्याच्या काचपात्रात टोल्युइनने तेल आणि मिथेनॉलने मीठ धुऊन काढले, प्लग वाळवला, की हेलियम वायू भरून त्यातली पोकळी मोजायची आणि नंतर त्यातून वायू वाहू देऊन पार्यता, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण सगळे पर्मिएबिलिटी म्हणतो, ती मोजायची. एका चुनखडीच्या कोअरमधले, एकमेकांपासून वीतभरही दूर नसलेले दोन प्लग मला अजून आठवतात. दोहोंची सच्छिद्रता बावीस टक्क्यांच्या आसपास होती. एकाची पार्यता काही शे मिलिडार्सी (पार्यतेचे एकक) भरली, आणि दुसऱ्याची एक मिलिडार्सीसुद्धा भरेना. तरुणपणी मला वाटले की माझ्या यंत्रात गळती आहे, म्हणून मी तीनदा माप घेतले. अखेर एका वरिष्ठांनी दोन्हींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले तेव्हा उलगडा झाला. पहिल्यात कणांच्या मधली जागा मोकळी होती. दुसऱ्यात कण, म्हणजे शिंपल्यांचे तुकडे, विरघळून गेले होते आणि त्यांच्या जागी त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या होत्या; पण त्या पोकळ्यांच्या सभोवती चुन्याचा घट्ट बारीक गाळ तसाच होता. पोकळी मोठी, दार एकही नाही. अशा पोकळीला मोल्डिक म्हणतात, साच्यातली वस्तू निघून गेल्यावर साचा उरावा तशी.

पावागडावर गेलेल्यांनी बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोके पाहिलीच असतील. तो दगड डोळ्यांना चाळणीसारखा दिसतो, पण त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर आतली बरीच भोके कोरडीच राहतात. चुनखडीतली कितीतरी सच्छिद्रता या जातीची असते.

एल-थ्रीमध्ये हे दोन्ही प्रकार, आणि त्यांच्या मधले सगळे प्रकार, एकाआड एक आढळतात. हा एकसंध जाड दगड नाही. चुनखडीचे अनेक थर आणि त्यांच्या मध्ये शेलच्या, म्हणजे दाबून घट्ट झालेल्या चिखलाच्या खडकाच्या, पातळ पट्ट्या अशी ती चवड आहे, आणि चुनखडीच्या त्या थरांना 'ए', 'बी', 'सी' अशी अक्षरे दिलेली आहेत. समुद्राची पातळी वर-खाली होत असताना दर वेळी उथळ पाण्यात चुन्याचा एक थर वाढला, तो पाण्याबाहेर डोकावला, पावसाने भिजला, काही प्रमाणात विरघळला आणि पुन्हा बुडाला. एल-थ्रीची चांगली सच्छिद्रता बव्हंशी या भिजण्याची कमाई आहे. म्हणून अंकलेश्वरशी तुलना करायची असेल तर टक्केवारीने करू नये, वाटांनी करावी, एवढेच मला त्या धाग्यावर सांगायचे होते.

दांडियाबाजारकर

काका, लेख वाचून आनंद झाला. मी वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. भरूचला नर्मदेचे आणि सुरतेला तापीचे पाणी पाहिले तर ते गढूळ असते, आणि खंभातच्या आखाताचा रंग तर चहासारखा असतो. आपण म्हणता की चुनखडी बनवणारे जीव जिथल्या तिथे वाढतात. इतक्या चिखलाच्या शेजारी हे प्रवाळ आणि शैवाळ जगले कसे? आणि जिथे चुनखडी आहे तिथेच तेल तयार झाले, असे समजावे का?

माकरपुरा_निवृत्त

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. या क्षेत्राचा सगळा भूगोल त्यात आलेला आहे. गाळ सगळीकडे सारखा पसरत नाही. त्या काळी तापी–दमणच्या बाजूचा भाग खोल होता आणि नद्यांचा चिखल व वाळू प्रामुख्याने तिथे जिरत होती. मुंबई हाय हा त्यापासून दूर, समुद्रतळातून उचललेला उंचवटा होता. तळाशी पुरातन ग्रॅनाइट आणि दख्खनचा बेसॉल्ट, त्यावर उथळ, उबदार आणि स्वच्छ पाणी. चुना बनवणाऱ्या जीवांना याहून अधिक काही लागत नाही. मधूनमधून चिखलाची एखादी लाट तिथवर पोहोचली की जीवांची वाढ थांबे आणि शेलची एक पट्टी साचे. मायोसीनच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर तर चिखलाचाच विजय झाला आणि चुनखडीवर शेलचे जाड पांघरूण पडले. गंमत अशी की चुनखडीची वाढ ज्या चिखलाने थांबवली, त्याच चिखलाने पुढे तिच्यातले तेल वर निसटू दिले नाही.

तेल मात्र तिथे तयार झालेले नाही. उंचवट्याच्या आजूबाजूच्या खोलगट भागांत त्याहून बरेच जुने, पॅलिओसीन ते इओसीनच्या सुरुवातीचे, पन्ना फॉर्मेशन नावाचे शेल आणि कोळशाचे थर आहेत. ते खोल गाडले जाऊन तापले, त्यांतून तेल व वायू सुटले आणि चढावाच्या दिशेने सरकत या उंचवट्यावर येऊन अडकले. त्यामुळे मुंबई हायच्या चुनखडीला कोठार म्हणावे. तेल पिकले ते शेत वेगळे आहे.

पातळ_काप

मी इथल्या विद्यापीठात भूशास्त्राच्या एमएस्सीला आहे आणि सध्या चुनखडीच्या पातळ कापांवरच काम करते. सरांच्या लेखातला मोल्डिक सच्छिद्रतेचा भाग वाचून एक शंका पुन्हा वर आली, म्हणून विचारते.

आम्ही कच्छच्या सहलीत लखपतच्या बाजूला मध्य इओसीन काळातली फुलरा चुनखडी पाहिली. तिच्यात नम्युलाइट्स आणि डिस्कोसायक्लिना हे मोठे फोरामिनिफेरा इतके खच्चून भरलेले आहेत की हातात ओंजळभर सुटे जीवाश्म येतात. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बसीन क्षेत्रातला वायू ज्या चुनखडीत आहे ती साधारण त्याच काळातली असल्याचे आम्हाला शिकवले आहे. पण मी आणलेल्या नमुन्याचा काप पोकळ्यांत शिरणाऱ्या निळ्या इपॉक्सी राळेत बसवून पाहिला, तर निळा रंग जवळजवळ कुठेच दिसला नाही. नम्युलाइटच्या कवचातला कप्पा अन् कप्पा स्वच्छ कॅल्साइटने, म्हणजे चुनखडीच्या मुख्य खनिजाने, भरलेला आहे. कॅल्साइटला लाल करणारे ॲलिझरिन रेड लावल्यावर सगळे लाल झाले, म्हणजे डोलोमाइट हे मॅग्नेशियमयुक्त खनिजही नाही. त्याच जातीचे जीव, तेच रसायन, काळही जवळपास तोच. मग एका ठिकाणी पोकळी टिकते आणि दुसऱ्या ठिकाणी बुजते, याचे कारण कशात शोधावे?

माकरपुरा_निवृत्त

काप निळ्या इपॉक्सीत केलात हे उत्तम केलेत, कारण साध्या कापात घासताना निघून गेलेला कण आणि खरी पोकळी यांत फरक करता येत नाही, आणि त्या चुकीपायी आम्ही एकदा एका दगडाला नको तितके गुण देऊन बसलो होतो.

कारण पाण्यात शोधावे. चुना एका जागी विरघळला की तो नाहीसा होत नाही. पाणी पुढे सरकते आणि संपृक्त झाले की तोच चुना दुसऱ्या जागी कॅल्साइट म्हणून बसवते. म्हणून जिथे पोकळ्या झाल्या आहेत, त्याच्या थोडे खाली किंवा बाजूला बुजलेल्या पोकळ्या असायच्याच. पावसाचे ताजे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन उतरते, त्यामुळे ते वरच्या भागात चुना खाते. भूजलाच्या पातळीखाली, जिथे पाणी रेंगाळते, तिथे तेच पाणी चुना परत करते. मुंबई हायच्या उंचवट्यावर पाणी आले आणि वाहून गेले. तुमचा नमुना बहुधा रेंगाळणाऱ्या पाण्यात राहिला असावा.

दुसरी गोष्ट कवचाच्या खनिजाची. तुम्हाला हे शिकवलेले असेल, पण इतर वाचकांसाठी लिहितो. पुष्कळ शिंपले, गोगलगायी आणि आजचे प्रवाळ आपले कवच ॲरागोनाइटचे, म्हणजे चुन्याच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाचे, करतात, आणि ॲरागोनाइट गोड्या पाण्यात फार लवकर विरघळतो. नम्युलाइटचे कवच कॅल्साइटचे असते, म्हणून ते टिकते. जिथे ॲरागोनाइटचे कण जास्त, तिथे मोल्डिक पोकळ्या जास्त. त्या कणांतून सुटलेला चुना शेजारच्या नम्युलाइटच्या कप्प्यांत जाऊन बसलेला असण्याची शक्यता तुम्ही कापात तपासून पाहावी. विरघळलेल्या शिंपल्यांच्या रिकाम्या किंवा नंतर भरलेल्या आकृत्या सापडतात का ते बघावे.

तिसरे कारण तेलाचे स्वतःचे. एकदा पोकळीत तेल शिरले की पाण्याची ये-जा थांबते आणि कॅल्साइट बसणेही मंदावते. त्याच थराच्या खालच्या, पाण्याने भरलेल्या भागात मात्र ते काम पुढे चालू राहते, आणि दाबाखाली स्टायलोलाइट, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काळपट रेषा, तयार होऊन आणखी चुना सुटतो व जवळच बसतो.

जॅकअप_जुना

साहेब, मी समुद्रावरच्या रिगवर ड्रिलिंगला होतो, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या मापांबद्दल मला अधिकाराने बोलता येणार नाही. पण कोअर आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी काय होते हे सांगणे आवश्यक वाटते.

चुनखडीत विहीर उतरत असताना सगळे सुरळीत चाललेले असते आणि अचानक मडच्या, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवत ठेवलेल्या द्रवाच्या, टाकीची पातळी घसरू लागते. याचा अर्थ बिटने, म्हणजे खोदणाऱ्या दातेरी टोकाने, एखाद्या मोठ्या पोकळीला किंवा भेगेला हात घातलेला असतो आणि मड वर परत येण्याऐवजी खडकात निघून जात असते. मग अभ्रकाचे पापुद्रे, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा, जे काही बोटीवर असेल ते मडमध्ये मिसळून ती वाट बुजवावी लागते. रिगवर त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे पडलेले असतात आणि खर्चाचा आकडा वाढत असतो. परंतु भूवैज्ञानिक मात्र आपल्या वहीत ती खोली मोठ्या समाधानाने नोंदवत असतो, कारण त्याच्या दृष्टीने तीच सर्वांत चांगली बातमी असते.

आता कोअरचे. नऊ मीटरचे बॅरल भरून आणायला जातो, आणि ज्या भागात दगड भक्कम व घट्ट असतो तिथला कोअर अखंड, काठीसारखा वर येतो. ज्या भागात व्हग, म्हणजे बोट जाईल एवढ्या पोकळ्या असतात, तिथला दगड बॅरलमध्येच चुरा होतो. कधी नुसते गोटे येतात, कधी काहीच येत नाही, आणि पेटीवर 'कोअर मिळाला नाही' अशी चिठ्ठी लागते. माझा आपल्याला प्रश्न असा आहे की आपण ज्या प्लगची मापे घेतलीत ते सगळे त्या काठीसारख्या भागातूनच काढलेले असणार. मग या क्षेत्राचा उत्तम दगड आपल्या टेबलावर कधी आला तरी होता का?

माकरपुरा_निवृत्त

आपण नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलेत. बहुतेक वेळा तो आला नाही, आणि आला तेव्हा गोट्यांच्या रूपात आला. गोट्यातून दीड इंचाचा प्लग काढताना तो फुटतो, म्हणून नमुना निवडणारा माणूस सवयीने शेजारचा भक्कम तुकडा उचलतो. मीही कित्येकदा तेच केले आहे. परिणामी तक्त्यातली सरासरी पार्यता कमी भरते, आणि विहीर प्रत्यक्षात चालू केली की ती तक्त्यापेक्षा कितीतरी अधिक वाहते. यावर उपाय म्हणून पूर्ण व्यासाच्या कोअरची मापे घेतात, पण त्यालाही तुकडा अखंड असावा लागतो. खरे माप विहीर चाचणीतून मिळते. विहीर काही काळ वाहू देऊन मग बंद करायची आणि दाब कोणत्या गतीने पुन्हा वर चढतो ते पाहायचे. तो आकडा विहिरीच्या भोवतालच्या मोठ्या क्षेत्राचा असतो, माझ्या दीड इंचाचा नसतो. प्लगची पार्यता आणि चाचणीची पार्यता यांत मोठे अंतर पडले, तर मधे कुठेतरी व्हग किंवा भेगा आहेत असे समजावे.

लॉग_वाचक

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु कोअरच्या मर्यादांवर इतका भर देताना लॉगचे श्रेय हरवते आहे असे नम्रपणे नमूद करतो. विहिरीत उपकरण सोडून घेतलेली मापे चुऱ्यालाही लागू असतात आणि अखंड दगडालाही. घनता आणि न्यूट्रॉन लॉग एकूण सच्छिद्रता दाखवतात. ध्वनिलहरीचा सॉनिक लॉग मात्र खडकाच्या सलग सांगाड्यातून सर्वांत जलद वाट काढतो आणि सुट्या पोकळ्यांना वळसा घालतो, म्हणून त्यावरून काढलेली सच्छिद्रता कमी येते. या दोहोंतला फरक म्हणजे मोल्ड आणि व्हग यांचा वाटा. शिवाय न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सचा लॉग पोकळ्यांच्या आकाराचा अंदाज देतो आणि इमेज लॉगवर विहिरीच्या भिंतीतले व्हग डोळ्यांनी दिसतात. एवढी साधने असताना चुनखडी इतकी गूढ राहत नाही, असे माझे मत आहे.

माकरपुरा_निवृत्त

लॉगचे श्रेय मी नाकारत नाही. सॉनिकच्या फरकाची युक्ती तर मला फार आवडते. पण त्या फरकातून सुटी पोकळी किती हे कळते, ती एकमेकींना लागून आहे की नाही हे कळत नाही. शिवाय एका जागी लॉगलाही कोअरचा हात धरावा लागतो, आणि तिथे चूक झाली तर ती मोठी होते. उदाहरण देतो.

खडकात तेल किती आणि पाणी किती हे विद्युत-रोधावरून काढतात आणि त्यासाठी १९४२ मध्ये आर्ची यांनी मांडलेले सूत्र वापरतात. त्यात सच्छिद्रतेला एक घातांक लावावा लागतो. कणांच्या मधल्या फटींच्या खडकात तो दोनच्या आसपास असतो. वीस टक्के सच्छिद्रता असेल तर ०.२० चा वर्ग घेऊन एक भागिले ०.०४, म्हणजे २५ हा गुणक येतो. पण पोकळ्या मोल्डिक, एकमेकींपासून तुटलेल्या असतील, तर विजेलाही वाट वाकडी पडते आणि घातांक तीनपर्यंत जाऊ शकतो. मग गुणक एक भागिले ०.००८, म्हणजे १२५ होतो. पाण्याचा अंश या गुणकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येत असल्यामुळे फरक सव्वादोन पटींचा पडतो. संगणकाने पाण्याचा अंश वीस टक्के सांगितला आणि घातांक दोनऐवजी तीन असायला हवा होता, तर खरा अंश पंचेचाळीस टक्क्यांजवळ असतो. कागदावर पोकळीचा ऐंशी टक्के भाग तेलाचा, आणि जमिनीखाली पंचावन्न. तो घातांक कोणत्या थराला किती लावायचा हे प्रयोगशाळेत प्लगवर मोजल्याशिवाय ठरत नाही.

लॉग_वाचक

घातांकाचा मुद्दा मान्य. सर्व विहिरींना सरसकट दोन लावून काढलेली गणिते मीही पाहिली आहेत आणि तपासताना दुरुस्तही केली आहेत. तरीही जिथे कोअर मिळालाच नाही तिथे लॉगखेरीज दुसरा आधार नसतो, एवढी भर घालून थांबतो.

दांडियाबाजारकर

गणित दोनदा वाचले आणि समजले. आता व्यवहाराचा प्रश्न विचारतो. समुद्राचे पाणी जमिनीत ढकलून तेल बाहेर काढतात असे वाचले होते. पाणी ढकलले तर तेल पुढे सरकायला हवे. मग तेलाऐवजी पाणीच वर येण्याची तक्रार का ऐकू येते? आणि जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपी या कंपनीला तांत्रिक सेवेसाठी निवडल्याची बातमी होती, तिचा या दगडाशी काही संबंध आहे का?

माकरपुरा_निवृत्त

संबंध थेट आहे. पन्नास वर्षांपूर्वी सापडलेल्या क्षेत्रात सहज येणारे तेल येऊन गेलेले असते आणि उरलेले तेल अवघड वाटांच्या आड असते. कोणतीही कंपनी आली तरी तिला या वाटांचाच अभ्यास करावा लागणार.

पाणी ढकलल्यावर ते सगळ्या थरांत सारखे शिरत नाही. नळीचा व्यास दुप्पट केला तर, दाब तोच ठेवून, तिच्यातून सोळा पट प्रवाह जातो. खडकातल्या वाटांनाही याच जातीचा नियम लागू पडतो. त्यामुळे एल-थ्रीच्या चवडीत एखादाच पातळ थर व्हगांनी भरलेला असेल, तर पंपाने घातलेले बहुतेक पाणी त्या एका थरातून धावत जाऊन उत्पादन विहिरीत पोहोचते, आणि वरच्या-खालच्या थरांतले तेल जागच्या जागी राहते. मधल्या शेलच्या पट्ट्या असल्यामुळे ते एका थरातून दुसऱ्यात सहज उतरतही नाही. ज्या पावसाने दोन कोटी वर्षांपूर्वी उत्तम दगड घडवला, त्यानेच पाण्याला ही आडवाट करून ठेवली.

यात चुनखडीचा आणखी एक स्वभाव भर घालतो. वाळूच्या कणांना बहुधा पाणी चिकटते आणि तेल मधून सरकते. चुनखडीच्या पृष्ठभागाला पुष्कळदा तेलच चिकटते, त्यामुळे पाणी मोठ्या पोकळीच्या मधून निघून जाते आणि भिंतीलगतचे व बारीक फटींतले तेल सोडवत नाही. पावाला लागलेले तूप नुसत्या पाण्याने धुऊन निघत नाही, तसेच हे.

उपाय बरेच आहेत. धावते पाणी येणारा थर विहिरीत बंद करणे, जुन्या विहिरीतून आडवी शाखा काढून घट्ट थरात लांबवर नेणे, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सोडणे. आम्लाचे काम फक्त चुनखडीतच एवढे देखणे होते. ते दगडात किड्याने पोखरल्यासारख्या फांद्याफांद्यांच्या वाटा करते. पण आम्लही आधीच्या रुंद वाटेकडेच धावते, म्हणून ती वाट तात्पुरती बुजवून मग ते सोडावे लागते.

जॅकअप_जुना

आडव्या शाखेबद्दल एक भर घालतो. शेलच्या दोन पट्ट्यांमधला चुनखडीचा थर कधी कधी दोन-तीन मीटरचाच असतो. तेवढ्या जागेत शेकडो मीटर आडवे जाताना बिट जरा वर गेले की शेलमध्ये घुसते, आणि ती पट्टी मडने फुगून ढासळते. माझ्या कारकिर्दीच्या सुरुवातीला असे काम करता येईल असे कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो.

पातळ_काप

सर, आपण सांगितल्याप्रमाणे फुलराचा काप पुन्हा पाहिला. शिंपल्यांच्या आकाराच्या चार आकृत्या सापडल्या. चारही मोठ्या स्वच्छ कॅल्साइट स्फटिकांनी भरलेल्या आहेत. म्हणजे त्या आधी रिकाम्या झाल्या आणि नंतर भरल्या, असे मी समजते.

दुसरे म्हणजे, आमच्या विभागाच्या सौराष्ट्र सहलीतून आणलेला पोरबंदरच्या दगडाचा, म्हणजे मिलिओलाइट चुनखडीचा एक तुकडा माझ्याकडे होता. तो आणि फुलराचा तुकडा करवतीने सपाट कापून वाळवले आणि दोहोंवर ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब टाकला. पोरबंदरच्या दगडाने थेंब टेकताक्षणी पिऊन टाकला. फुलरावरचा थेंब वीस मिनिटांनंतरही तसाच फुगीर होता, शेवटी मी तो पुसला.

माकरपुरा_निवृत्त

आकृत्यांचा अर्थ बरोबर लावलात. मिलिओलाइट हा भूशास्त्राच्या हिशेबात अगदी कालचा, चतुर्थक काळातला दगड आहे. समुद्रकाठची चुन्याची वाळू वाऱ्याने उडून साचलेली. त्यावर पावसाचे पाणी पडले, पण ते फक्त दोन कण जिथे टेकतात तिथे थेंबासारखे अडकले आणि तिथेच थोडे कॅल्साइट बसले, म्हणून दगड इमारतीत वापरण्याइतका पक्का झाला आणि मधल्या जागा मोकळ्या राहिल्या. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारती याच दगडाच्या आहेत. पुढच्या वेळी त्याचाही काप निळ्या इपॉक्सीत करा आणि कणांच्या सांध्यांशी कॅल्साइटची कड आत वळलेली, अंतर्वक्र दिसते का ते पाहा. शनिवारी सकाळी सयाजीबागेत फिरायला येत असाल तर दोन्ही तुकडे घेऊन या. माझ्याकडे दहापट भिंग आहे, आणि आम्लाची लहान बाटलीही घेऊन येईन.